०.०१ मोलर ईडीटीए करायचं म्हणजे नेमकं काय तोलायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बी.एस्सी. केमिस्ट्री करून जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका पाणी तपासणी प्रयोगशाळेत तुम्ही नुकत्याच रुजू झाला आहात. पहिल्याच आठवड्यात ०.०१ मोलर ईडीटीए (पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, मोजायचं रसायन), ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल आणि फ्लोराइडची स्टँडर्ड, म्हणजे नेमकी तीव्रता माहीत असलेली, द्रावणं करायला सांगितली गेली. सूत्रं पाठ आहेत, पण बाटली हातात घेतली की गोंधळ उडतो. मोल म्हणजे नक्की काय समजायचं? आम्लाच्या बाटलीवर मोलॅरिटी लिहिलेलीच नसते, मग ती काढायची कशी? आणि '१:१० डायल्यूट करा' म्हणजे पाणी किती घालायचं?

मी चोवीस वर्षं पाणी तपासणीतच काढली आहेत. नवीन आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला मी हे प्रश्न पडलेले पाहिले आहेत, आणि ज्यांना पडत नाहीत त्यांची मला जास्त काळजी वाटते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मोलपासून सुरुवात करू. हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू किलोवर मिळतात, पण सुताराचं काम नगावर चालतं. एका बिजागरीला सहा स्क्रू, मग चाळीस बिजागऱ्यांना दोनशे चाळीस. दुकानदार मोजत बसत नाही. शंभर स्क्रूंचं वजन त्याला माहीत असतं, तो तेवढे तोलून देतो. मोल म्हणजे हेच, तोलून मोजणं. रसायनं एकमेकांशी ग्रॅमच्या हिशेबाने वागत नाहीत, नगाच्या हिशेबाने वागतात. पाण्यातल्या कॅल्शियमच्या एका आयनाला ईडीटीएचा एकच रेणू धरतो. आता वजनं बघा. एक मोल कॅल्शियम भरतं ४०.०८ ग्रॅम, आणि आपण वापरतो ती ईडीटीएची भुकटी एक मोल घ्यायची तर ३७२.२४ ग्रॅम. वजनात नऊपटीहून जास्त फरक, पण नग अगदी सारखे. काट्यावरचे ग्रॅम आणि फ्लास्कमधले नग यांच्यामधला पूल म्हणजे मोल.

हे नग किती, तर ६.०२२ गुणिले १० चा २३वा घात. पूर्वी १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितके कण म्हणजे एक मोल, अशी व्याख्या होती. २० मे २०१९ पासून ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३वा घात हा आकडाच कायमचा ठरवून टाकला आहे. ज्या ॲव्होगॅड्रोच्या नावाने आपण हा अंक ओळखतो तो १८५६ मध्ये वारला, त्याला स्वतःला हा आकडा कधीच माहीत नव्हता. त्याचं नाव या अंकाला दिलं ते ज्याँ पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने, १९०९ मध्ये. तुम्हाला रोजच्या कामात हा आकडा लिहावा लागणार नाही. लागेल ते मोलर वस्तुमान, म्हणजे एका मोलाचे ग्रॅम. पाण्याचं १८. एकदा छोट्या सिलिंडरमध्ये १८ मिलिलिटर पाणी घेऊन हातात धरून बघा. मी प्रत्येक नव्या मुलीला हे करायला लावते. एवढंसं पाणी, पण एक मोल. त्यानंतर मोल हा शब्द हवेतला राहत नाही.

आता मोलॅरिटी. एक लिटर द्रावणात किती मोल द्राव्य आहे ते. 'द्रावणात' या शब्दावर बोट ठेवते, कारण पहिली चूक इथेच होते. एक लिटर पाणी मोजून घेऊन त्यात पदार्थ टाकला तर ते एक लिटर द्रावण होत नाही. पदार्थ थोड्या पाण्यात विरघळवायचा आणि मग एकूण आकारमान एक लिटर होईपर्यंत पाणी घालायचं. ईडीटीएसारख्या विरळ द्रावणात फरक अगदी थोडा पडेल, पण मिठाचं किंवा कॉस्टिकचं (सोडियम हायड्रॉक्साइडचं) दाट द्रावण करताना हीच सवय अंगावर येते.

हिशेब एवढाच: मोलॅरिटी गुणिले लिटर गुणिले मोलर वस्तुमान. ०.०१ मोलर ईडीटीए २५० मिलिलिटर करायचं तर ०.०१ × ०.२५ × ३७२.२४, म्हणजे ०.९३०६ ग्रॅम. एक लिटरला ३.७२२४ ग्रॅम.

पण ३७२.२४ हा आकडा आला कुठून? बाटलीवरून. आणि यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

माझ्या पहिल्या नोकरीत ईडीटीए करण्याचं काम माझ्याकडे आलं. जुन्या रजिस्टरमध्ये कोणीतरी मोलर वस्तुमान २९२.२४ लिहून ठेवलं होतं. मी तेच धरलं, २.९२२४ ग्रॅम तोललं, एक लिटर केलं, बाटलीवर '०.०१ मोलर' असं लेबल लावलं. २९२.२४ हे निव्वळ ईडीटीए आम्लाचं वस्तुमान आहे. ते साध्या पाण्यात नीट विरघळतही नाही. आमच्या कपाटातली भुकटी होती डायसोडियम मीठ, दोन पाण्याचे रेणू धरून बसलेलं, म्हणजे ३७२.२४ वालं. त्यामुळे माझं द्रावण ०.०१ मोलर नव्हतंच, ते ०.००७८५ होतं. त्या आठवड्यात एका गावच्या बोअरच्या पाण्याचा नमुना आला. ५० मिलिलिटर नमुन्याला ब्युरेटमधून (खाली तोटी असलेल्या मोजनळीतून) ३१.८ मिलिलिटर ईडीटीए लागलं. ०.०१ मोलर ईडीटीएचा एक मिलिलिटर म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, आणि ५० मिलिलिटरवरून लिटरवर जायचं, म्हणून मी वीसने गुणलं आणि कठीणपणा लिहिला ६३६ मिलिग्रॅम प्रति लिटर. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, कठीणपणा २०० पर्यंत असावा असं आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे माझ्या अहवालाप्रमाणे ते पाणी मर्यादेबाहेर गेलं. खरा कठीणपणा होता ५०० च्या आसपास. ईडीटीए पातळ, म्हणून ते जास्त लागलं, आणि जास्त लागलं म्हणून पाणी जास्त कठीण दिसलं. सत्तावीस टक्क्यांचा फरक, फक्त चुकीची ओळ वाचल्यामुळे. एका वरिष्ठ बाईंनी अहवाल बाहेर जाण्याआधी द्रावण तपासायला लावलं म्हणून ते थांबलं. त्या गावाला तोच एक बोअर होता. हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

म्हणून बाटली हातात घेतल्यावर पहिली नजर सूत्रावर टाका, त्यातही त्या मधल्या टिंबावर आणि त्यापुढच्या पाण्याच्या आकड्यावर. सोडियम थायोसल्फेट पाच पाण्याचं असेल तर २४८.१८, निर्जल असेल तर १५८.११. मॅग्नेशियम सल्फेट सात पाण्याचं २४६.४७, निर्जल १२०.३७. मोरचूद पाच पाण्याचं २४९.६८, आणि तेच तापवून पांढरं झालं की १५९.६१. यातलं चूक-बरोबर काहीच नसतं, कोणतंही वापरा. फक्त जे हातात आहे त्याचंच वस्तुमान धरा. कंपनी बदलली, नवी बाटली आली, की रजिस्टरमधला जुना आकडा डोळे मिटून उतरवू नका. बाटलीवर मोलर वस्तुमान छापलेलं असतं, ते वाचून रजिस्टरमध्ये लिहा, बॅच नंबरासकट.

आता प्रत्यक्ष करायचं कसं. वेइंग बोट (तोलायची छोटी पसरट वाटी) काट्यावर ठेवून शून्य करा. ०.९३०६ च यायला हवं असा हट्ट धरून कण-कण काढत-घालत बसू नका. ०.९२८१ आलं तर ०.९२८१ लिहा आणि खरी मोलॅरिटी काढा, ०.००९९७. जे तोललं ते लिहिणं हे हवं तेच तोलण्यापेक्षा महत्त्वाचं आहे. भुकटी लहान बीकरमध्ये घ्या, वेइंग बोट वॉश बॉटलने धुवून ते पाणीही त्याच बीकरमध्ये. साधारण १०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात काचेच्या कांडीने ढवळा. डायसोडियम ईडीटीए सावकाश विरघळतं, धीर धरा. द्रावण पूर्ण नितळ झालं की फनेलमधून व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये (मानेवर आकारमानाची खूण असलेल्या) ओता. बीकर, कांडी आणि फनेल तीनदा थोड्या-थोड्या पाण्याने धुवा आणि ते सगळं फ्लास्कमध्ये जाऊ द्या. बीकरच्या काठाला राहिलेला एक थेंब म्हणजे तुमच्या मोलांपैकी काही मोल बेसिनमध्ये गेले. मग खुणेच्या बोटभर खाली येईपर्यंत पाणी, एकदा हलवून घ्या, आणि शेवटचं पाणी ड्रॉपरने. डोळा खुणेच्या पातळीवर आणा, पाण्याच्या वक्राचा तळ रेषेला टेकला पाहिजे. बूच लावून फ्लास्क दहा-बारा वेळा पूर्ण उलटा-सुलटा करा. हे उलटणं बरेच जण दोनदा करून सोडून देतात, आणि मग मानेतलं पाणी वरच राहतं.

द्रावण कोमट असताना खुणेपर्यंत कधीच भरू नका. आम्ल किंवा कॉस्टिक विरघळताना तापतं, गार झालं की पातळी खाली उतरते. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही विचार करा. फ्लास्कवर २० किंवा २७ अंश असं तापमान छापलेलं असतं. २० अंशांना एक लिटर असलेलं पाणी ४० अंशांना जवळपास १००६ मिलिलिटर होतं. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पंख्याखाली काम करणाऱ्या प्रयोगशाळेत हा अर्धा टक्का फुकटचा चुकतो. एसी नसेल तर सकाळी लवकर द्रावणं करा, आम्ही वर्षानुवर्षं तसंच केलं.

आम्लाकडे येऊ. बाटलीवर मोलॅरिटी नसते, पण ती काढायला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी असतात: टक्केवारी, घनता आणि मोलर वस्तुमान. सल्फ्युरिक आम्ल ९८ टक्के, घनता १.८४. एक लिटर आम्लाचं वजन १८४० ग्रॅम. त्यातलं खरं आम्ल ९८ टक्के, म्हणजे १८०३ ग्रॅम. भागिले ९८.०८, आले १८.४ मोल. झालं, १८.४ मोलर. हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली ३७ टक्क्यांची असेल तर याच रीतीने १२ मोलरच्या जवळ येतं. पण आपल्याकडे ३५ टक्क्यांची बाटलीही बरीच मिळते, ती ११.३ मोलर. पुस्तकातलं १२ डोक्यात ठेवून ३५ टक्क्यांच्या बाटलीतून आम्ल घेतलं तर द्रावण पाच-सहा टक्क्यांनी कमी भरतं. इथेही उत्तर लेबलवरच आहे.

तुम्हाला हवं आहे ०.०२ नॉर्मल. सल्फ्युरिकचा एक रेणू दोन हायड्रोजन आयन देतो, म्हणून नॉर्मॅलिटी मोलॅरिटीच्या दुप्पट. ०.०२ नॉर्मल म्हणजे ०.०१ मोलर. नॉर्मॅलिटी आता पुस्तकांतून मागे पडत चालली आहे, पण पाणी तपासणीत ती अजून आहे आणि राहील, कारण ०.०२ नॉर्मल आम्लाचा एक मिलिलिटर बरोबर एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका अल्कलीपणा दाखवतो. हिशेब तोंडी होतो. हे थेट दाट आम्लातून करू नका, अर्धा-पाऊण मिलिलिटर दाट आम्ल अचूक मोजता येत नाही. आधी ०.१ नॉर्मल करा. एका लिटरला २.७ मिलिलिटर दाट आम्ल पुरतं, मी २.८ घेते. ते सोडियम कार्बोनेटने स्टँडर्डाइज करा, म्हणजे त्याची खरी तीव्रता ठरवा, आणि मग त्यातलं २०० मिलिलिटर घेऊन एक लिटर करा.

आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही, हे तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. कारणही लक्षात ठेवा. आम्ल पाण्यापेक्षा जवळपास दुप्पट जड. वरून ओतलेलं पाणी आम्लावर तरंगतं, जिथे दोघं भेटतात तिथली सगळी उष्णता त्या पातळ थरात साठते, पाणी जागच्या जागी उकळतं आणि सोबत आम्ल उडवतं. आम्ल पाण्यात घातलं तर ते खाली बुडत जातं आणि उष्णता सगळ्या पाण्यात पसरते. २.८ मिलिलिटर म्हणजे थोडंच आहे असं मनात आणू नका. चष्मा, हातमोजे आणि फ्यूमहुड, दरवेळी. पिपेट तोंडाने ओढायची नाही, रबरी बल्ब वापरायचा. जुने लोक तोंडाने ओढताना दिसतील, त्यांचं बघून शिकू नका.

डायल्यूशनचं सूत्र, एम-एक गुणिले व्ही-एक बरोबर एम-दोन गुणिले व्ही-दोन, हे सगळ्यांना पाठ असतं. ते चालतं कशामुळे? पाणी घातल्याने आकारमान वाढतं, पण फ्लास्कमधले मोल तेवढेच राहतात. मोलॅरिटी गुणिले आकारमान म्हणजे मोलच की. दोन्ही बाजूंना तीच संख्या आहे, ताकात पाणी वाढवलं म्हणून दही वाढत नाही. हे कळलं की सूत्र विसरलं तरी अडत नाही. फक्त दोन्ही बाजूंना एकक एकच ठेवा, एकीकडे लिटर आणि दुसरीकडे मिलिलिटर झालं की हजारपटीचा घोळ.

'१:१०' हा लिहिण्याचा वाईट प्रकार आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. कोणी त्याचा अर्थ एक भाग घेऊन एकूण दहा भाग करा असा घेतं, कोणी एक भागात दहा भाग पाणी घाला असा. पहिल्यात द्रावण दहापट पातळ होतं, दुसऱ्यात अकरापट. नऊ टक्क्यांचा फरक. ज्यांनी सांगितलं त्यांनाच विचारा, संकोच करू नका. आणि तुम्ही स्वतः लिहाल तेव्हा '१ + ९' लिहा, किंवा '१० मिलिलिटर घेऊन १०० मिलिलिटर केलं' असं सरळ वाक्य. आमच्या प्रयोगशाळेत १:१० ही खूण रजिस्टरमध्ये लिहायला मी बंदी घातली आहे.

फ्लोराइडची द्रावणं हे याचं चांगलं उदाहरण. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या पाण्यात फ्लोराइडचा प्रश्न खरा आहे, आणि मानकात १ मिलिग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा, फार तर १.५. म्हणजे आपल्याला एक-दीडच्या आसपासचं अचूक मोजायचं असतं. वाळवलेलं सोडियम फ्लोराइड ०.२२१ ग्रॅम घेऊन एक लिटर केलं की फ्लोराइड १०० मिलिग्रॅम प्रति लिटर होतं. ०.२२१ का, तर सोडियम फ्लोराइडच्या ४१.९९ ग्रॅममध्ये फ्लोराइड १९ ग्रॅमच आहे, बाकीचं सोडियम. इथेही मोलच काम करतो आहे, बाहेरून दिसत नाही इतकंच. आता १०० वरून १ वर यायचं आहे. एक मिलिलिटर घेऊन १०० करता येईल, पण एक मिलिलिटरच्या पिपेटमध्ये चांगल्या प्रतीची असूनही पाऊण टक्क्यापर्यंत चूक असू शकते, तर दहाच्या पिपेटमध्ये ती ०.२ टक्क्याच्या आसपास. म्हणून दहा घेऊन शंभर, आणि त्यातले पुन्हा दहा घेऊन शंभर. एक पायरी वाढली तरी एकूण चूक कमी राहते. प्रत्येक पायरीला फ्लास्क नीट उलटा-सुलटा करा, नाहीतर पहिल्या पायरीतला कमी-जास्तपणा पुढे सगळीकडे जातो. पिपेट आधी त्याच द्रावणाने खळबळून घ्या, फ्लास्क मात्र पाण्यानेच. तो द्रावणाने खळबळला तर आत जास्तीचे मोल जातात. फ्लोराइड प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा, काचेत नको. कॉस्टिकही प्लास्टिकमध्येच. ते तोलतानाच हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे तोललेल्या कॉस्टिकवरून काढलेली मोलॅरिटी ही अंदाजाचीच समजा, आणि टायट्रेशन करून, म्हणजे माहीत असलेल्या द्रावणाशी ब्युरेटने ताडून, खरी ठरवा.

ईडीटीएचंही तसंच. उद्या सकाळी एवढं करा. १०५ अंशांना वाळवलेलं शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट १.००० ग्रॅम घ्या. थोडं पाणी घालून १ + १ हायड्रोक्लोरिक आम्ल थेंब-थेंब सोडा, फसफस थांबून नितळ होईपर्यंत. उकळून कार्बन डायऑक्साइड घालवा, गार करा, मिथिल रेड हा दर्शक रंग टाकून अमोनियाने नारिंगी छटेवर आणा, मग एक लिटर करा. याच्या एका मिलिलिटरमध्ये बरोबर एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट आहे. त्यातलं २५ मिलिलिटर पिपेटने घ्या, पाण्याने पन्नास करा, पीएच १० वर स्थिर ठेवणारं बफर आणि चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक रंग घाला. बफरमध्ये थोडं मॅग्नेशियम-ईडीटीए असू द्या, नुसत्या कॅल्शियमला शेवटचा रंग मळकट येतो. तुमचं ईडीटीए ब्युरेटमधून सोडा. द्राक्षासारखा लाल रंग आधी जांभळट होईल, तिथून पुढे थेंबाथेंबाने जा, आणि लालीचा शेवटचा अंश जाऊन निव्वळ निळं दिसलं की थांबा. तीनदा करा. ब्युरेट २५.० दाखवत असेल तर द्रावण ०.०१ मोलर आहे. ३१-३२ दाखवत असेल तर माझी चूक तुमच्या हातून झाली आहे, बाटली काढून पुन्हा लेबल वाचा. २५.४ आलं, तर ०.०१ गुणिले २५ भागिले २५.४, म्हणजे ०.००९८४. द्रावण फेकायची गरज नाही. लेबलवर ०.०१ खोडून ०.००९८४ लिहा, खाली तारीख आणि तुमची सही.